दुर्वाची हरतालिका

हरतालिकेच्याच दिवशी दुर्वाची विमान उडवायची परीक्षा आली. आज हुकली की पुढची तारीख दोन महिन्यांनी. उड्डाणाआधीच्या फॉर्मवर दोघींनी ‘जेवण झाले’ असं लिहिलं आणि परीक्षक विनता मॅडम विमानाकडे निघाल्या. दुर्वा मात्र जागची हलली नाही.

“मॅडम, ओठ सुकलेत तुमचे. निर्जळी आहे ना? मग आज उडायचं नाही.”

“अच्छा! बावीस वर्षांपासून करून राहिले मी हा उपास. कधी चक्कर नाही आली. तू काहून घाबरतेस?”

दुर्वाने फॉर्म परत घेतला आणि स्वतःच्या नावापुढचं ‘जेवण झाले’ खोडलं.

“व्रत माझंही आहे, मॅडम. आणि मला मघापासून दोन-दोन धावपट्ट्या दिसून राहिल्या.”