सीटची उंची

डिकी बंद होईना, म्हणून पोखऱ्याच्या बसड्रायव्हरने नट सैल करून सायकलची सीट पार खाली दाबली. "अहो, राहू द्या हो!" दत्तोबा शिंप्याच्या तोंडून मराठीतच गेलं. ड्रायव्हरला ते कळलं नाही. सायकल मुलाची होती. एकोणिसाव्या वर्षी बार्शीहून नेपाळपर्यंत ती मारत आलेलं पोरगं घाटात ट्रकखाली गेलं होतं.

सरहद्दीवर दत्तोबाने सायकल उतरवून घेतली आणि ढकलत फाटकापर्यंत नेली.

"किसकी है?" जवानाने विचारलं.

"लडके की."

"वो कहाँ है?"

दत्तोबाने काखेतली पिशवी उघडून दाखवली. आत तांब्याचा कलश होता, तोंडाला लाल फडकं बांधलेला. जवान बाजूला झाला.

पलीकडची गोरखपूरची बस सामान टपावर घेत होती. आता सीट वर करता आली असती. पण ती होती किती उंच? दत्तोबाने कधी बघितलंच नव्हतं. मग त्याला पोराच्या पँटीचं, जांघेपासून टाचेपर्यंतचं माप आठवलं. पंक्चरवाल्याकडून पाना मागून घेऊन त्याने खिशातली टेप काढली, टोक खालच्या पेडलवर धरलं आणि चौतीस इंचांवर अंगठा ठेवला.

अंगठा सवयीने पस्तिसावर सरकला. वाढत्या अंगाच्या पोरांना तो नेहमीच इंचभर जास्त ठेवायचा.

दत्तोबाने अंगठा मागे आणला, सीट तिथवर उचलली आणि नट आवळला.