दोरीच्या बाहेर

कमानीखालचे टेकू काढायची वेळ झाली तेव्हा हयवदनराव कोटाची बटणं लावून पुढे निघाले, पण त्यांची नात क्षमा त्यांच्याआधीच आत जाऊन उभी राहिली.

मल्लेश्वरममधल्या महिला समाजाच्या या नव्या सभागृहासमोर त्या सकाळी निम्मी गर्दी हयवदनरावांच्या विद्यार्थ्यांची होती. त्यांतले काही आता स्वतःच आजोबा झाले होते. म्हैसूर संस्थान होतं तेव्हा हयवदनरावांनी गावोगावी शाळा बांधल्या, दवाखाने बांधले, आणि मग वास्तुशाळा काढून पोरांना बांधायला शिकवलं. त्या शाळेचा खरा नियम एकच, बाकीचे नुसते कागदावर. ज्याने कमान आखली, त्याने टेकू निघताना तिच्याखाली उभं राहायचं. इतरांनी दोरीच्या बाहेर. "गणित चुकलं तर मार्क कापून काय उपयोग? डोक्यावर येऊ दे," असं ते म्हणायचे. पोरं हसायची आणि घरी जाऊन गणित पुन्हा तपासायची.

ही सरांची शेवटची कमान, असं सगळ्यांना कळवलं होतं. हार तयार होते.

"क्षमा, बाहेर ये," हयवदनराव म्हणाले. "लोक बघताहेत."

"कमान माझी आहे, अज्जा."

ती हळूच बोलली होती, पण रिकाम्या सभागृहात ते घुमलं आणि दोरीपर्यंत पोचलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली.

खरं होतं ते. हयवदनरावांना मोतीबिंदूमुळे कागदावरची रेघ दिसेनाशी झाली होती. त्यांच्याच शाळेत शिकणारी क्षमा घरी त्यांच्या टेबलाशी बसून आखायची, आणि ते शेजारी कॉफी पीत "हं" म्हणायचे. त्यांच्या सगळ्या कमानी अर्धगोल, भरभक्कम. हिने वरच्या खिडक्यांना जागा मिळावी म्हणून कमान चपटी केली. "फार चपटी झाली," असं ते एकदा म्हणाले, तेव्हा तिने गणिताचा कागद त्यांच्यापुढे ठेवला होता. आकडे त्यांना दिसले नाहीत. दिसत नाहीत हे सांगायची लाज वाटली. ते कानडीत "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि खाली सही केली.

आता तीच सही त्यांना आठवत होती. चारचौघांत बिंग फुटलं याचं काहीच वाटेना. भीती वाटत होती ती त्या पोरीच्या डोक्यावरच्या विटांची. जन्मभर ते स्वतः कमानींखाली उभे राहिले होते, पण असे कधी भ्याले नव्हते.

कामावरचा इंजिनियर पद्माकर त्यांचाच विद्यार्थी. त्याला त्यांनी जवळ बोलावलं.

"टेकू राहू देत. चुना अजून ओला असेल."

"सर, चुना केव्हाच धरलाय. काल तुम्हीच हात लावून बघितलात."

हयवदनराव मग स्वतःच आत गेले आणि त्यांनी क्षमाचं मनगट धरलं. नाडी नुसती धडधडत होती. म्हणजे तीही घाबरली होती. हे कळल्यावर त्यांचं उरलंसुरलं अवसान गेलं.

"चल बाहेर," ते म्हणाले. "मी उभा राहतो. म्हाताऱ्याचं काय जातंय?"

"तुम्ही आखली नाही, अज्जा. तुम्ही बाहेर जा."

"नियम मी केलाय."

"म्हणूनच सांगते."

तिला ओढून न्यावं असं त्यांच्या मनात आलं. पण दोरीपलीकडे उभा असलेला एकेक जण कधीतरी असाच उभा राहिला होता, आणि त्यांतल्या एकालाही त्यांनी बाहेर काढलं नव्हतं. त्यांनी मनगट सोडलं. ते बाहेर आले तेव्हा कोणीतरी त्यांच्यासाठी दोरी वर उचलून धरली.

मेस्त्री त्यांच्या हाताकडे बघत थांबला होता. सरांनी हात वर करायचा आणि खाली आणला की काम सुरू, अशी जुनी रीत. हात वर गेला आणि तिथेच राहिला. शेवटी क्षमाच आतून म्हणाली, "मेस्त्री, काढा."

टेकूंखालच्या पाचरींवर हातोडे पडू लागले. हयवदनरावांनी दोरी दोन्ही हातांनी धरली. पहिला टेकू निघाला, मग दुसरा. वर कमान कुरकुरली. विटा नीट बसतात तो आवाज आणि सुटतात तो आवाज यांतला फरक त्यांनी कितीतरी पोरांना शिकवला होता. आज त्यांना स्वतःला तो कळेना. चुन्याची पांढरी भुकटी भसकन खाली आली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "हरी, हरी," एवढंच त्यांच्या तोंडून निघत होतं.

मग टाळ्या ऐकू आल्या. त्यांनी डोळे उघडले. कमान उभी होती. तिच्याखाली क्षमा पदराने तोंड पुसत होती. हसत होती की रडत होती, ते इतक्या लांबून त्यांना दिसलं नाही. लोक दोरीखालून वाकून आत धावले, आणि सरांसाठी आणलेला हार कोणीतरी तिच्या गळ्यात घातला.

हयवदनराव मात्र जागचे हलले नाहीत. पद्माकर खुर्ची घेऊन आला.

"बसा, सर. मग सावकाश आत जाऊ."

ते बसले. दोरी अजून त्यांच्या मुठीत होती.

"पद्माकर, तुझ्या कमानीच्या दिवशी दोरीबाहेर कोण होतं रे?"

"आई होती, सर. सोलापूरहून मुद्दाम आली होती. तुम्ही तिला म्हणाला होतात, बाई, थोडं बाजूला व्हा, मला कमान दिसत नाही."