पिवळा मासा

"अंकल, पानी में बात नहीं करने का," अंदमानच्या त्या चिमुकल्या बेटावर गाइडनं आमच्या ह्यांना बजावलं, तेव्हा मला त्याचीच दया आली. ह्यांचा समुद्राशी संबंध ताटातल्या पापलेटापुरता. तरी बोटीत बसल्यापासून हे त्याला भरती-ओहोटी समजावून सांगत होते.

पाण्यात घालायचा चष्मा लावून, श्वास घ्यायची नळी दातांत धरून आम्ही दोघांनी पाण्यात तोंड घातलं. समोरून एक पिवळा मासा गेला आणि ह्यांना त्याची माहिती द्यायची उबळ आली. नळी सुटली, निम्मा समुद्र पोटात गेला. गाइडनं ह्यांना ओढून बोटीत घेतलं.

खरं तर मीही वर यायला हवं होतं. पण खाली इतकं शांत होतं! लग्नानंतर पहिल्यांदाच मी काहीतरी बघत होते आणि ते काय आहे, हे मला कुणी सांगत नव्हतं. चष्म्यात पाणी कुठून आलं, कळलं नाही.

वर आले, तर हे टॉवेल गुंडाळून तयारच. "तो पिवळा मासा होता ना, तो..."

बाकीच्या बायकांनी आठवण म्हणून मोत्यांच्या माळा घेतल्या. मी नळी घेतली. ह्यांच्या मापाची.