बेचाळिसावं बटण

मिरकरवाड्यातल्या मच्छीमार संस्थेत दिशा कॉम्प्युटरवर काम करायची. समुद्रात गेलेल्या आणि परतलेल्या बोटींचा रिपोर्ट ती सांभाळायची. त्यात आता प्रत्येक बोटीच्या नावाचं बटण टाकायचं होतं. ते दाबलं, की त्या बोटीचं पान उघडायला हवं होतं.

तिने एक्केचाळीस बटणं टाकली. स्क्रीनवर बेचाळीस दिसली. शेवटच्यावर नाव होतं, 'गंगासागर'.

ती तिच्या बाबांची बोट. सहा वर्षांपूर्वी वादळात बाबांसह पाच माणसं घेऊन गेली, ती कुणालाच सापडली नाही.

"नितेशदादा, हे तुम्ही टाकलंत?" तिने शेजारच्या कारकुनाला विचारलं.

"मी कशाला टाकू? तिची नोंद तेव्हाच काढली गो," तो हळू आवाजात म्हणाला. "पुसून टाक."

दिशाने ते पुसलं. रिपोर्ट पुन्हा उघडला, तर बटण जागेवरच होतं. शेवटी तिने ते दाबलं.

'परत आली. आज, सकाळी साडेअकरा. माणसं : एक.'

तिने खिडकीतून धक्क्याकडे पाहिलं. तिथे गंगासागर नव्हती.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"दिशा, लवकर घरी ये गो," आई अगदी शांतपणे म्हणाली. "बाबा तुझ्यासाठी जेवायचे थांबलेत."