माउसचं दुखणं

माउस अडकला आणि भूपेंद्र पुन्हा मेला.

सकाळपासून तो नऊ वेळा मेला होता. पुनर्वसन ऑफिसच्या खिडकीच्या जाळीबाहेर बावीस माणसं त्याचा डाव संपायची वाट पाहत होती, कारण दाखले तो दोन डावांच्या मधल्या वेळात काढायचा. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ज्यांचं गाव गेलं, त्यांना ते गेल्याचा दाखला लागतो. तो या एकाच कॉम्प्युटरवरून निघत होता. भूपेंद्रच्या मते कॉम्प्युटर चांगला होता. फक्त मधूनमधून माउस अर्धा सेकंद थिजायचा आणि तेवढ्यात समोरचा गोळी घालायचा.

त्यानं उपाय कमी केले नव्हते. वायरवाला माउस बदलून बिनवायरचा आणला, मग पुन्हा वायरवाला. मागच्या पोर्टातून काढून पुढच्या पोर्टात लावला. ड्रायव्हर उडवून नवा टाकला. पॅड नव्हतं म्हणून माउसखाली एक जाड फाइल घेतली. ती कोणत्या गावाची, हे पाहायची वेळ आली नव्हती. तीन महिन्यांत या ऑफिसात इतका पाठपुरावा दुसऱ्या कुठल्याही प्रकरणाचा झाला नव्हता.

रुचिताचा नंबर चौदावा. भरतीच्या अर्जाला दाखला जोडायची आज शेवटची तारीख होती आणि संध्याकाळी सहाला वेबसाइट बंद होणार होती. हे कळल्यावर पहिल्या नंबरवरच्या तुलारामकाकांनी तिला पुढे केलं. त्यांची ही पाचवी खेप. नातवाच्या अर्जाची शेवटची तारीख उद्याची होती.

"तू जाय सामने," ते म्हणाले. "मी का, बसलोच हावो."

मधल्या बारा जणांनीही सरकून तिला वाट दिली. सगळे एकाच गावचे, एकाच वर्षी उठवलेले.

ती खिडकीशी पोचली तेव्हा भूपेंद्र दहाव्यांदा मरत होता. त्यानं माउस फाइलवर आपटला.

"सर, माउसचा दोष नाई वाटत," रुचिता म्हणाली.

बाहेरच्या माणसाकडे भूपेंद्रनं त्या दिवशी पहिल्यांदाच वर पाहिलं. कुठं शिकली, विचारलं. पवनीला कॉम्प्युटरच्या क्लासात मी दोन वर्षं शिकवत होते, ती म्हणाली. त्यानं उठून बाजूचं दार उघडलं. दार उघडलेलं पाहून बाकावरच्या लोकांनी आपापले कागद पिशवीतून काढून हातात घेतले.

तिनं कोणता प्रोग्राम किती ताण देतो ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला आणि बाकी कशाला हात न लावता नुसता माउस फिरवत पाहत बसली. चौथ्या मिनिटाला माउस थिजला. त्याच क्षणी ताणाचा आकडा शंभर टक्क्यांवर गेला आणि यादीत एक नाव उसळून वर आलं. लोकांचे ऑनलाइन अर्ज उतरवून घेणारा, त्यांचे कागद तपासणारा तो प्रोग्राम होता. गावातल्या सेवा केंद्रावर कोणी अर्ज भरला की तो इकडे जागा व्हायचा. म्हणजे तिकडे कोणी गाव गेल्याचा अर्ज केला की इकडे भूपेंद्र मरायचा.

तिनं त्या प्रोग्रामची प्रायोरिटी खाली आणली. आता अर्ज हळू उतरले असते आणि माउसही चालला असता. भूपेंद्रनं एक डाव खेळून पाहिला आणि अडकतेच म्हणाला. या वेळी तो स्वतःच्या कर्तृत्वानं मेला होता, पण ते सांगायची सोय नव्हती.

"बंदच करून टाक ना त्याले," तो म्हणाला. "चालू कायले ठेवाचं?"

मग अर्ज येणारच नाहीत, असं ती हळूच म्हणाली. बाहेर बसलेल्यांचेही मधेच अडकतील. भूपेंद्रनं सांगितलं की आज शुक्रवार आहे, शनिवार-रविवार कोण विचारतं, सोमवारी पाहता येईल. आणि तिचा दाखला? तोही पाहता येईल, तो म्हणाला, आधी माउसचं होऊ दे.

रुचितानं खिडकीकडे पाहिलं. तुलारामकाकांनी जाळीत बोटं अडकवली होती. त्यांना स्क्रीन दिसत नव्हता, तिची पाठ तेवढी दिसत होती. आपली पोरगी आत बसली आहे, आता भराभर होईल, असं ते शेजारच्याला सांगत होते.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

"पयले माया काढा, सर," ती म्हणाली. "मंग बंद करतो."

भूपेंद्र हसला. त्याला माणूस आवडला. साहेबांची डिजिटल सही एका पेनड्राइव्हसारख्या वस्तूत असते आणि ती वस्तू भूपेंद्रच्या खिशात असते. त्यानं ती काढून लावली. तीन महिने चौकशीत असलेला अर्ज सात मिनिटांत निघाला. प्रिंटरमधून कागद कोमट बाहेर आला.

मग रुचितानं प्रोग्राम बंद केला. पुन्हा उठला नाही पाहिजे, असं भूपेंद्रनं बजावल्यावर तिनं सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्युटर सुरू झाल्यावर तो आपोआप उठणार नाही याचीही व्यवस्था केली. माउस सरसर फिरू लागला. ती बाहेर पडली तेव्हा भूपेंद्रनं सलग तिघांना मारलं होतं.

बाकावरची माणसं उभी राहिली. तुलारामकाकांनी दाखला तिच्या हातून घेतला, दोन्ही हातांनी धरला, सहीपाशी उमटलेल्या हिरव्या खुणेवरून अंगठा फिरवला आणि शेजारच्यालाही दाखवला.

"झालं बाई तुयं," ते म्हणाले. "आता माया नंबर ना?"

रुचितानं कागद परत घेतला, प्लास्टिकच्या फाइलीत सरकवला आणि फाइलीचं बटण दाबलं.

"सर्व्हर डाऊन आहे," ती ऑफिसातल्या मराठीत म्हणाली. "सोमवारी या."