बाईची झडती

“अंगाला हात लावायचा नाही,” म्हातारी म्हणाली. “आधी मला अडवलं का, ते सांगा.”

हवालदाराने सराफाकडे पाहिलं. सराफ दुकानाच्या पायरीवर धापा टाकत उभा होता. हिऱ्याची एक अंगठी गेली होती, आणि अंगठ्यांचा ट्रे शेवटचा या बाईपुढे ठेवला होता, असं त्याने सांगितलं.

“ऐकलंत? आता मुकाट्याने झडती द्या,” हवालदार म्हणाला.

“पिशवी बघा. खुशाल बघा.”

हवालदाराने पिशवी फुटपाथवरच्या स्टुलावर उपडी केली. चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्या, रुमाल. त्याने गोळ्यांची पट्टीसुद्धा उलटसुलट करून पाहिली.

“गोळ्यांत हिरे भरून मिळत नाहीत हो अजून,” म्हातारी म्हणाली. जमलेल्यांपैकी कोणीतरी फिसकन हसलं.

तीस वर्षं तिने कोर्टात कारकुनी केली होती. साक्षीच्या पिंजऱ्यात घाम पुसणारे असले हवालदार तिने ढिगाने पाहिले होते. अंगात वर्दी आणि डोक्यात भुसा! हा तर आठवड्यापूर्वीच इथे बदलून आलेला. कायद्याचं पुस्तक यानं उशाला घेतलं असेल तेवढंच. तिला त्याची शिसारी आली.

“आता पदर, कनवट, सगळं दाखवा,” तो म्हणाला.

“बाईची झडती बाईच घेते. तीही आडोशाला. शिकवलं नाही वाटतं कोणी?”

“अहो, ठाण्यात बाई शिपाई एकच आहे. ती शाळेपाशी बंदोबस्ताला गेलीय.”

“मग बोलवा. मी कुठे पळून चाललेय? गुडघे बघा माझे.”

“तोवर ठाण्यात चला.”

“अटक केलीत का? नाही ना? मग मी इथेच बसते. आणि तुमच्या छातीवरची नावाची पट्टी कुठेय? तक्रार कोणाच्या नावाने लिहू?”

हवालदाराचा हात नकळत छातीकडे गेला. पट्टी घरी राहिली होती. सराफ चरफडत म्हणाला, “साहेब, ही बाई तुम्हाला खेळवतेय!”

“शेठ, तुम्ही तोंड सांभाळा. अंगठी निघाली तर मी खुशाल तुरुंगात जाईन. नाही निघाली तर चारचौघांत अब्रू घेतल्याबद्दल तुम्हाला कोर्टात उभं करीन. आहे कबूल?”

सराफ दुकानात मागे सरला. म्हातारी पदर सावरून पायरीवर बसली. या वयात कोठडी म्हणजे जिवंतपणी मरण, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

अर्ध्या तासाने बाई शिपाई आली. उन्हाने लाल झालेली, वैतागलेली. तिने म्हातारीला दुकानामागच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. बाहेर आवाज येत होते.

“हात वर करा, आजी.”

“हळू! हाडं मोडशील.”

“चपला काढा. अंबाडा सोडा.”

“तुझ्या आईचा अंबाडा असा सोडतेस का गं?”

हवालदार कपाळाला हात लावून उभा राहिला. दहा मिनिटांनी दार उघडलं. म्हातारी केस बांधत बाहेर आली.

“काही नाही, साहेब,” बाई शिपाई म्हणाली. “शिव्या तेवढ्या मिळाल्या.”

सराफाचा चेहरा पडला. त्याने हात जोडले. हवालदाराने स्टुलावरचं सामान स्वतः पिशवीत भरून दिलं.

“कायदा वाचा जरा,” म्हातारी त्याला म्हणाली. “फुकट पगार खाता.”

ती ताठ मानेने चालत गेली. ती लांब गेल्यावर हवालदार पुटपुटला, “काय बाई आहे! हिच्या घरचे कसे दिवस काढत असतील, देव जाणे.”

“काढतात बिचारे,” बाई शिपाई म्हणाली आणि शाळेकडे परत निघाली.

संध्याकाळी म्हातारीने चहा टाकला तेवढ्यात सून ड्यूटीवरून आली. तिने खाकी टोपी टेबलावर ठेवली, मोज्यातून अंगठी काढून सासूच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, “आई, बुधवारी माझी सुट्टी आहे. त्या दिवशी कुठल्याच दुकानात पाय ठेवायचा नाही, सांगून ठेवते.”