फुटलेला राक्षस

“राक्षसा, शेवटचं विचारते. कुणाचा तू?” सासूबाई म्हणाल्या.

एरवी त्या जावयाला अहो-जाहो करत. पटावर बसल्या की वनपऱ्यांची राणी होत आणि समोरच्याला सरळ अरे-तुरेवर येत. लग्नानंतरचा त्याचा हा पहिलाच रविवार. सासरी दर रविवारी जेवणं उरकली की युद्धाचा खेळ मांडला जातो, हे लग्न ठरवताना त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या वाट्याला राक्षस आला होता. वंशाने राक्षस, पण चाकरी बुटक्यांची. आणि बुटक्यांची सरदार होती त्याची बायको. सासरेही तिच्याच बाजूने लढत होते, पण तो अजून नियमच समजून घेत होता तेव्हा ते बाद होऊन आत गेले होते. आता सातवी फेरी चालू होती. बायकोच्या किल्ल्याला पऱ्यांचा वेढा पडला होता आणि दरवाजावर एकटा राक्षस उभा होता.

नियमाप्रमाणे वंश बदलता येत नव्हता. पक्ष बदलता येत होता.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती पटावरून नजर काढायला तयार नव्हती. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या गालातल्या गालात हसत होत्या. बायको काय, आज ना उद्या समजून घेईल, त्याच्या मनात आलं. सासूबाईंची मर्जी एकदा गेली तर जन्मभर निस्तरत बसावं लागेल.

“तुमचाच, आई,” तो म्हणाला आणि त्याने किल्ल्याचा दरवाजा उघडला.

किल्ला पडला. सासूबाईंनी राक्षसाची सोंगटी उचलली, पदराने मायेने पुसली आणि डब्यात टाकली.

“आई, मी तर तुमच्या बाजूला आलो.”

“म्हणूनच. आज माझ्या पोरीला सोडून आलास, उद्या मला सोडून जाशील.” मग त्या पुन्हा नेहमीच्या सासूबाई झाल्या. “जावईबापू, आमच्याकडे बाद झालेल्याने भांडी घासायची असतात. साबण खिडकीत आहे.”

तो तोंड पाडून स्वयंपाकघरात गेला. सासरे कोपरापर्यंत फेसात होते. ते बाजूला सरकले आणि त्याला मोरीपाशी जागा करून दिली.

“कितव्या फेरीत फुटलात?”

“सातव्या.”

सासऱ्यांनी हातातली कढई खाली ठेवली आणि त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“मी तिसऱ्याच फेरीत,” ते म्हणाले. “पोरीने माणूस पारखून घेतलाय.”